वाऱ्याकडं तोंड

नागपंचमी होऊन गेली तरी ऊन पडलं नव्हतं. वरकुट्याच्या शिवारावर ढग नुसते बसून होते. धड पाऊस येत नव्हता, धड उघडत नव्हतं. मधूनच भुरभुर यायची, पानं ओली करून जायची आणि मागं अंगाला चिकटणारा दमटपणा ठेवायची. डाळिंबाला याच्याइतकी वाईट हवा नाही. झुंबर सकाळी उठला की आधी आभाळाकडं बघायचा, मग चहाला तोंड लावायचा.

त्याच्या बागेत तेल्या रोग शिरला होता. फळावर तेलाचा थेंब सांडावा तसा डाग उमटायचा, तो काळा पडत पसरायचा आणि फळ त्या जागेवर उकलायचं. एका झाडावर दिसला की भुरभुरीच्या पाण्याबरोबर तो शेजारच्या झाडावर जायचा. लिंबाएवढी झालेली फळं लिंबाएवढीच राहून काळी पडत होती.

घरात माणसं तीनच. झुंबर, त्याची बायको ठमाबाई आणि सून प्रगती. तिघंही सकाळी घमेली घेऊन बागेत शिरायची. एकेकानं एकेक ओळ धरायची, डागाळलेली फळं तोडायची, काळ्या काड्या कात्रीनं छाटायच्या आणि सगळं बांधाकडेच्या खड्ड्यात नेऊन टाकायचं. ओल्या काड्या पेटत नसत. रॉकेलचा बोळा लावला तरी नुसता धूर. डाळिंबाचे काटे मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे काढायचे आणि त्यावर औषधाचं पाणी लागलं की आग व्हायची. ठमाबाईचा गुडघा सुजला होता. ती ओळीत बसून सरकायची, पण घरी जा म्हटलं तर जात नव्हती.

ही बाग संदेशनं लावलेली. झुंबरचा एकुलता एक मुलगा. खड्डे त्यानं घेतले, रोपं त्यानं आणली, ठिबकच्या नळ्या त्यानं अंथरल्या. पहिलं फळ इंदापूरच्या बाजारात गेलं तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मग एका दुपारी बागेचं औषध आणायला तो भिगवणला गेला आणि येताना हायवेवर टँकरनं त्याची मोटारसायकल उडवली. त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून त्या घरात संदेशचं नाव कमी आणि बागेचं नाव जास्त घेतलं जायचं.

प्रगतीनं दोनदा सासऱ्याला सांगून बघितलं होतं, की बाग काढून टाकू. कृषी सहायकानंही तेच सांगितलं होतं. झुंबरकडं त्याला उत्तर तयार असायचं. झाडं तरणी आहेत, मुळ्या चांगल्या आहेत, एवढा बहार सोडून दिला की पुढच्या बहाराला झाड निरोगी येतं, आभाळ उघडलं की रोग आपोआप दबतो. सगळी कारणं खरी वाटायची. तो बोलायचाही शांतपणे, एकेक मुद्दा बोटावर मोजून. ऐकणाऱ्याला वाटावं, माणसानं सगळा विचार केला आहे.

बांधाला बांध लागून इंद्रजितची बाग होती. तो संदेशच्या बरोबरीचा, त्याच्यासोबत शाळेत गेलेला, त्याचं बघून डाळिंबात पडलेला. एक दिवस तो खड्ड्यापाशी आला, बराच वेळ धुराकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, राग मानू नका. माझ्या कडंच्या दोन ओळीत डाग दिसाय लागलाय."

झुंबर म्हणाला, "माझ्याकडनं आला म्हणतोस?"

"वारं तुमच्याकडनं येतंय."

झुंबर काठीनं ओली फळं खड्ड्यात ढकलत राहिला. इंद्रजित थोडा वेळ थांबला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात प्रगती सावडीनं इंद्रजितच्या बागेत छाटणीला गेली. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं, असं बायकांचं आपसात चालायचं. ती बांधावर पोचली तर इंद्रजितच्या बायकोनं तिथं औषधाच्या पाण्याची बादली ठेवली होती. बाकीच्या बायका आत गेल्या. प्रगतीला तिनं थांबवलं, कात्री बादलीत बुडवायला सांगितली, मग हात धुवायला, मग पाय गुडघ्यापर्यंत. बोलली अगदी मऊ आवाजात, पण बायका आतून बघत होत्या. प्रगतीनं हात धुतले, पाय धुतले आणि निमूट आपल्या ओळीला लागली. घरी येऊन ती काही बोलली नाही. ठमाबाईला दळणाच्या गिरणीत कळलं आणि तिनं झुंबरला सांगितलं.

झुंबर जेवत होता. त्यानं ताट तसंच बाजूला सारलं, हात धुतला आणि बांधापर्यंत जाऊन आला. आल्यावर म्हणाला, "आता बाग निघत न्हाय. काय बी होऊ दे." मग पुन्हा मुद्दे सांगायला लागला. मोरचूद आणि चुन्याची फवारणी पाठोपाठ घ्यायची, खालून पोटॅश द्यायचं. ठमाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. बोलताना त्याची हनुवटी थरथरत होती आणि त्याला ते माहीत नव्हतं.

रविवारी कऱ्हाटीहून प्रगतीचा भाऊ अविराज आला. येताना त्यानं घरच्या शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. बाजेवर बसला, पाणी प्याला, हवापाण्याचं बोलला. मग मान खाली घालून हळूहळू मूळ बोलण्यावर आला. सुप्याकडचं एक स्थळ आलं होतं. माणूस बिजवर, पण शांत, हाताशी दुधाचा धंदा. प्रगतीचं वय काही नव्हतं. मामांनी, म्हणजे झुंबरनं, परवानगी दिली तरच पुढं बोलायचं, नाहीतर विषय इथंच सोडायचा, असंही तो म्हणाला.

झुंबरनं सगळं ऐकून घेतलं. प्रगती चुलीपाशी चहा ठेवत होती. तो तिच्याकडं वळून म्हणाला, "तरीच. बाग काढा, बाग काढा हे का चाललंय, आत्ता कळलं. बाग गेली की तू मोकळी. व्हय ना?"

चहा उतू गेला, तो प्रगतीनं उतरवला, गाळला, दोघांच्या पुढं कप ठेवले आणि ती मागच्या दारानं गोठ्याकडं निघून गेली. अविराज अर्धा चहा ठेवून उठला. ठमाबाई त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली आणि परत येऊन नवऱ्याला म्हणाली, "पोरीला असं बोलायला नको हुतं." झुंबर म्हणाला की त्यानं खरं तेच सांगितलं, त्यात राग काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच बागेत गेला. एरवी फवारणीला तिघं लागायची. एकानं पिंपापाशी थांबायचं, एकानं नळी ओढायची, एकानं मारायचं. त्या दिवशी त्यानं पाठीवर घ्यायचा पंप बाहेर काढला. मोरचुदाच्या पाण्यात किडीचं कडक औषधही घातलं, काठीनं ढवळलं, डब्यावरचं प्रमाण बघितलं नाही. तोंडाला उपरणं बांधलं होतं, पण ओल्या उपरण्यातून श्वास घेता येईना म्हणून पहिल्याच ओळीत सोडून गळ्यात टाकलं. दुपारनंतर वारं फिरलं. ओळीच्या त्या टोकाकडून वारं येत होतं आणि तो त्या टोकाकडंच चालत होता. प्रत्येक फवारा परत त्याच्या तोंडावर, छातीवर, हातांच्या ओरखड्यांवर येत होता. सदरा भिजून अंगाला चिकटला. त्यानं पंप पुन्हा भरला.

ठमाबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा पंपाचा आवाज येत नव्हता. ओळीच्या मध्ये तो हातापायांवर ओणवा होता. तोंडातून लाळ गळत होती, ओकारी झाली होती, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. तिनं हाक मारली तर त्यानं मान वर केली, पण डोळे तिच्यावर ठरेनात. ती सुजल्या गुडघ्यानं बांधाकडं पळत सुटली. बांधापलीकडं इंद्रजित होता. त्यानं काही विचारलं नाही, गाडी थेट बागेपर्यंत आणली. हाका ऐकून घराकडून धावत आलेल्या प्रगतीनं झुंबरचा भिजलेला सदरा फाडून काढला, बादलीभर पाणी अंगावर ओतलं आणि त्याला मागच्या सीटवर मांडीत धरून ती इंदापूरपर्यंत बसली.

दवाखान्यात डॉक्टरनं सुई टोचता टोचता पहिलं तेच विचारलं. "औषध प्याले का?"

प्रगती म्हणाली, "न्हाय. फवारत हुते."

डॉक्टरनं ठमाबाईकडं बघितलं. ठमाबाई काही बोलली नाही. तिलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी चौकीतला हवालदार आला. त्यानं बाकावर बसून ठमाबाईला विचारलं, की कर्ज किती आहे. तिनं सांगितलं, कर्ज नाही. त्यानं पुन्हा विचारलं, सोसायटीचं, बँकेचं, खासगी कुणाचं. तिनं पुन्हा नाही म्हणून सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं, पण त्याच्या तोंडावर दिसत होतं की त्याला ते पटलेलं नाही. मग घरात भांडण काही, असं त्यानं विचारलं आणि प्रगतीकडं बघितलं. प्रगतीनं सांगितलं की थोडी बोलाबोली झाली होती. ठमाबाईनं तिचा हात दाबला, पण ती सांगून मोकळी झाली होती.

झुंबर वाचला. दोन दिवस त्याला कुणाची ओळख पटत नव्हती, तिसऱ्या दिवशी पटायला लागली. गावातली माणसं बघायला यायची. कॉटच्या पायथ्याशी उभी राहायची, फरशीकडं बघत जिवाला जपा म्हणायची आणि लवकर निघायची. त्याला कळत होतं ती काय समजून आलीत. एका म्हाताऱ्यानं तर उघडच सांगितलं की संदेश गेला त्यापेक्षा हे वाईट. झुंबरनं भिंतीकडं तोंड केलं.

ती माणसं गेल्यावर ठमाबाई म्हणाली, "मला खरं सांगा. मी कुणाला सांगणार न्हाय."

झुंबरला एवढा राग आला की तो उठायला गेला आणि त्याचा हात सलाईनच्या नळीत अडकला. त्यानं तिला सांगितलं की तिनंही असंच समजायचं असेल तर इथं बसू नको. ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि तिथंच पदर तोंडात धरून रडली.

प्रगती त्याला भाताची पेज भरवत होती. तीन-चार चमचे घेतल्यावर त्यानं तोंड फिरवलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "प्यालो न्हाय मी. पर वारा तोंडावर हुता. मला कळत हुतं. पाठ फिरवावी, असं वाटलंच न्हाय."

प्रगतीनं चमचा वाटीत ठेवला.

"तवा राग न्हवता आला मला," तो म्हणाला. "मी हिशोब करत हुतो, कुठली ओळ ऱ्हायली, किती औषध लागंल. डोकं अगदी थंड हुतं. आन् तेच औषध मी तोंडावर घेत हुतो. म्हंजी माझ्या आत दुसरंच काय तरी चाललं हुतं, आन् ते मला ठावं न्हवतं."

शेजारच्या कॉटवरचं मूल रडत होतं, त्याची आई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. मग प्रगती म्हणाली, "आबा, तुमी त्या दिवशी मला बोलला ते अर्धं खरं हुतं."

झुंबर तिच्याकडं वळला.

"मला जायचं हुतं म्हणून न्हाय. पण बाग काढा म्हणत हुते ते रोगापायी न्हवतं. रोग यायच्या आधीपासनं मला ती बाग नकोशी झाली हुती. त्यांनी लावल्याली झाडं, त्यांनी अंथरल्याल्या नळ्या. रोज त्यातनं चालायचं, फळं तोडायची आन् कुणी नाव काढायचं न्हाय. रोग आला आन् मला कारण सापडलं. तुमाला ठेवायला कारण सापडत हुतं, मला काढायला."

झुंबरचे डोळे भरले. पुसायला हात उचलला, पण हाताला सुई होती. तिनं पुसले नाहीत. तिचेही भरले होते.

"मंग बागंचं खरं काय?" त्यानं विचारलं.

"ते आपण कुणीच बघितलं न्हाय," प्रगती म्हणाली.

घरी आणल्यावर आठवडाभर त्याला उभं राहिलं की चक्कर यायची. हात थरथरायचे, भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही. ठमाबाई मोडून द्यायची. पायरीवरच्या त्या दिवसाबद्दल तो तिला एकदा बोलला. तिनं विचारलं ते बरोबर होतं, उत्तरच त्याच्याकडं धड नव्हतं, एवढं त्यानं सांगितलं. ती म्हणाली की दोन वर्षं ती रोज पहाटे जागी होऊन तो श्वास घेतो का ते बघते. झुंबरला हे माहीत नव्हतं. एका खोलीत झोपून माहीत नव्हतं.

मग एका सकाळी तो काठी घेऊन बागेत गेला. दोघी बरोबर गेल्या. कुणी घमेलं घेतलं नाही, कात्री घेतली नाही. बांधापाशी थांबून तो म्हणाला, की ही बाग परक्याची आहे असं धरून बघू. कुणीतरी आपल्याला दाखवायला बोलावलंय. ठमाबाईला ते बोलणं विचित्र वाटलं, पण तीही ओळीत शिरली.

तिघं प्रत्येक झाडापाशी थांबत गेली. झुंबर फांदी वाकवून बघायचा, खोडावर नख मारायचा. खोडावर काळे पट्टे चढले होते. काही झाडं शेंड्याकडून पिवळी पडली होती. बुडापाशी उकरून बघितलं तर मूळ काळं निघालं. रोज इथं येत होता, पण हे त्यानं बघितलं नव्हतं. तो फक्त फळं बघत होता, आणि त्यातलीही जी चांगली होती तीच. मधल्या ओळींत थोडी झाडं खरोखर निरोगी होती. ती त्यानं तशी सांगितलीही. शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत त्याला धाप लागली. खाली बसला.

"परक्याची असती तर काय सांगितलं असतं?" प्रगतीनं विचारलं.

"कवाच काढायला सांगितली असती," तो म्हणाला.

त्या दुपारी तो स्वतः इंद्रजितच्या वस्तीवर गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं ट्रॅक्टर मागितला. इंद्रजित आत या म्हणत होता, तो आत गेला नाही. पाय धुतलेले नाहीत, असं म्हणाला. टोमणा नव्हता, खरंच तसंच म्हणायचं होतं, पण ऐकून इंद्रजितची बायको दारातून आत सरकली. मग तीच तांब्या घेऊन आली आणि पाणी देताना तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. खोडाला साखळी बांधायची, ट्रॅक्टरनं ओढायचं, झाड मुळासकट वर यायचं आणि मुळांबरोबर ठिबकची नळी ताणून तुटायची. नळ्या आधी गोळा करायला हव्या होत्या, पण ते कुणाला सुचलं नव्हतं. ट्रॅक्टरवर इंद्रजित स्वतः होता. साखळी बांधायचं काम झुंबरनं दुसऱ्याला करू दिलं नाही. थरथरत्या हातानं कडी लागायची नाही, तो पुन्हा लावायचा. ठमाबाई पहिल्या काही झाडांपर्यंत ठीक होती. मग एका झाडापाशी जाऊन तिनं खोडाला हात लावला आणि तिथंच बसली. काटे तिच्या पदरात अडकले. इंद्रजितनं इंजिन बंद केलं.

ती मोठ्यानं रडली. पोराला मातीला नेलं तेव्हाही ती एवढ्या मोठ्यानं रडली नव्हती. तिनं संदेशला नावानं हाक मारली, दोन-तीनदा, तो बागेच्या पलीकडच्या टोकाला कुठंतरी असावा तशी. प्रगती तिच्याजवळ जाऊन बसली. इंद्रजित स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. झुंबर साखळी हातात घेऊन उभा होता. घाई कर, असं त्याला कुणी म्हणालं नाही आणि तोही कुणाला म्हणाला नाही. बऱ्याच वेळानं ठमाबाईनं स्वतःच पदर सोडवला आणि बाजूला झाली.

मधल्या ओळींतली निरोगी झाडंही काढली. त्यातलं एक तरी ठेवावं, असं झुंबरच्या मनात आलं. त्यानं ते बोलून दाखवलं, मग आपणच त्याला साखळी लावली.

रान उघडं पडलं. घरातून थेट रस्ता दिसायला लागला. गावातली माणसं येता-जाता विचारायची, आता काय लावणार. तो माहीत नाही म्हणायचा. ज्याच्याकडं नेहमी उत्तर असायचं त्यानं असं म्हणावं, याचं लोकांना वाईट वाटायचं. माणूस खचला असं ती म्हणायची. खचला होताच. पुढचे सगळे दिवस त्याला रिकामे दिसत होते.

प्रगतीच्या जाण्याचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. एक दिवस नांगरलेल्या रानातून मुळ्या वेचताना झुंबरनंच काढला. तिच्याकडं न बघता, ढेकळं फोडत म्हणाला, "मला भ्या वाटतंय, तू जाशील म्हणून. लई भ्या वाटतंय. आमी दोघंच ऱ्हायलो तर ह्या घरात काय व्हईल, ते मला बघवत न्हाय. पर हे भ्या माझं हाय. त्याच्यावर तू ठरवू नगं."

प्रगती म्हणाली, की तिला अजून काहीच कळत नाही. राहावं वाटतं तेव्हा ते दयेनं वाटतं का, आणि जावं वाटतं तेव्हा पळायचं म्हणून वाटतं का, हेच समजत नाही. कळेल तेव्हा ती स्वतः सांगेल. भावाच्या तोंडून नाही.

तिनं अविराजला फोन करून सुप्याच्या स्थळाला नको म्हणून कळवलं. झुंबरला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो काही बोलला नाही.

रब्बीची ज्वारी पेरली. वर आली, हातभर झाली. मग एका सकाळी प्रगतीनं चहा दिला, समोर बसली आणि सांगितलं की ती कऱ्हाटीला जाणार आहे. लग्नासाठी नाही. बारामतीला कापडाच्या कंपनीत बायकांना घेतात, कऱ्हाटीतल्या दोघीतिघी रोज जातात, तिथं जाऊन बघणार आहे. ह्या घरात ती संदेशची बायको म्हणूनच राहील, दुसरं काही तिला इथं होता येणार नाही, असं तिला वाटतं. नक्की का, असं ठमाबाईनं विचारलं. नक्की, असं ती म्हणाली. तिघांनीही चहा संपवला.

झुंबरनं तिला मोटारसायकलवरून हायवेला सोडलं. एसटी आली तेव्हा ती वाकून त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कंडक्टरनं घंटी मारली तरी तो काढायचं त्याला सुचलं नाही. तिनंच हळूच डोकं बाजूला घेतलं.

तो परत आला तेव्हा वीज आली होती, मोटार चालू होती. ठमाबाई ज्वारीच्या कडेला उभी राहून पाण्याकडं बघत होती.

"गेली?"

"गेली."

ठमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "कसं वाटतंय?" त्या घरात आजवर कुणी कुणाला असं विचारलं नव्हतं.

झुंबर थांबला. त्यानं खरंच बघितलं, कसं वाटतंय ते.

"लई वाईट," तो म्हणाला.

ती म्हणाली, "मलाबी."

मग त्यानं खोरं घेतलं आणि दोघं मिळून पाणी पुढच्या वाफ्याला वळवायला लागली.